खातंय, पण अंगाला लागंना

"खातंय भरपूर, पण अंगाला लागंना." आमच्या भागात ज्याच्या दारात कुत्र्याचं पिल्लू आहे त्याच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं. त्यावरचा उपायही ठरलेला: अजून घाला. दूध घाला, भाकरी घाला, काल कुणाच्या बारशाचा उरलेला भात घाला. मग पिल्लाचं पोट टम्म दिसलं की सगळे खूश. माझं म्हणणं एवढंच, की आधी पोटाकडं बघणं बंद करा आणि पाठीवरून हात फिरवा. मणके एकेक करून हाताला टोचत असतील, मागची खुब्याची हाडं वर आलेली असतील आणि तरी पोट फुगलेलं असेल, तर ते पिल्लू धष्टपुष्ट नाही. उपाशी आहे, आणि बहुतेक वेळा त्याच्या पोटात जंत आहेत.

आमचा गड्ड्या अस्साच होता. जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे ऐन गड्ड्यात आला म्हणून हे नाव. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच आणि हिशोब बघते. यात्रेच्या आठवड्यात अर्धे कामगार यात्रेच्या होम मैदानावर असतात, माग निम्मे बंद. कंपाउंडमधल्या कुत्रीनं गोदामात गाठींच्या आडोशाला पिल्लं घातलेली, त्यातलं हे सगळ्यात बारकं. वॉचमनमामांनी पोत्यात गुंडाळून आणून माझ्या टेबलावरच ठेवलं. "मॅडम, ह्याला तुमीच घिऊन जावा. बाकीची ह्याला पिऊच देईनात." ती कुत्री तरी काय करणार, तिच्याच अंगावर मांस नव्हतं, दूध आटत चाललेलं.

कारखान्यातून निघायच्या आधी मी एक काम केलं, ते म्हणजे त्याला काट्यावर घातलं. आमच्याकडं टॉवेलचं वजन करायचा टेबलावरचा काटा आहे. टॉवेल डझनावर विकला जात असला तरी गिऱ्हाईक वजन बघूनच पास करतो, त्यामुळं काटा चोख लागतो. सुताच्या कोनचा रिकामा खोका ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि पिल्लू खोक्यात सोडायचं. उघड्या काट्यावर ठेवलं तर ते एक क्षण स्थिर राहत नाही, आकडा नाचत राहतो. खोक्यात गेलं की चार कोपरे हुंगतं आणि बसतं. १ किलो ४८० ग्रॅम. हा आकडा लिहून ठेवला म्हणून पुढचं सगळं जमलं. घरी काटा नसला तर कोपऱ्यावरचा किराणावाला नाही म्हणत नाही, फक्त तांदळाच्या गिऱ्हाइकांची गर्दी नसताना जावं.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी आधी तोंड उघडलं. दुधाचे दात बघून म्हणाले, दीडेक महिन्याचा असेल. मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या. हिरड्या गुलाबी हव्यात. फिक्या, पांढुरक्या असतील तर रक्त कमी आहे, आणि एवढ्या लहान पिल्लात त्याचं कारण बहुधा आकडेकृमी किंवा अंगावरच्या पिसवा-गोचिडी. दोन्ही रक्तच पितात. गड्ड्याच्या हिरड्या फिकट होत्या, अगदी पांढऱ्या नव्हत्या. पिसवा मात्र काखेत आणि कानामागं भरपूर.

जंतांचं मला तिथं कळलं ते सांगते, कारण "एवढंसं पिल्लू, त्यानं बाहेरचं काही खाल्लंच नाही, मग जंत कुठून आले?" असं सगळेच विचारतात. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. आईच्या शरीरात अळ्या दबून असतात, त्या गाभणपणी जाग्या होऊन पोटातल्या पिल्लांत शिरतात. आकडेकृमी दुधातून येतात. म्हणजे रस्त्यावरच्या आईचं पिल्लू जन्मतःच भाडेकरू घेऊन येतं. म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करायचं असतं, दर दोन आठवड्यांनी, साधारण दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. एकदा देऊन भागत नाही, कारण औषध आतड्यातले मोठे जंत मारतं. अंगात फिरणाऱ्या अळ्या मागाहून आतड्यात उतरतात. औषधाची मात्रा वजनावर ठरते. त्यासाठीच आधी काटा. शेजाऱ्याच्या लॅब्रॉडॉरची उरलेली गोळी "अर्धी मोडून" देऊ नका.

त्याच रात्री धाकट्यानं गॅलरीतून हाक मारली, "आई, ह्याच्यातून शेवया पडल्या बघ, आणि हलताहेत." त्या दिवसापासून घरात शेवयाची खीर झालेली नाही. हेच जंत माणसाच्या पोरांनाही होऊ शकतात. पिल्लाची शी लगेच उचलायची आणि साबणानं हात धुवायचे, ही शिस्त त्या रात्रीपासून घरात कुणाला सांगावी लागली नाही.

आता गंमत. जंत पडले, पोट उतरलं आणि गड्ड्या आणखीनच हडकुळा दिसायला लागला. आमचे सासरे, आप्पा, लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडेपर्यंत तिथं कामाला होते. त्यांचं मत पक्कं असतं. "चांगलं गुबगुबीत पोरगं होतं. दवाखान्यात नेऊन वाळवलीस त्याला." मी वही दाखवली. वजन आधी होतं तिथंच होतं, उलट तीस ग्रॅम वाढलेलं. आप्पा म्हणाले, काटा टॉवेलचा आहे, जितराबाचा नाही.

किती घालायचं, ह्याचा एक हिशोब पशुवैद्य वापरतात. मी हिशोबातलीच बाई, मला तो लगेच पटला. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजन किलोमध्ये घ्या. ते तीनदा मांडून गुणा, मग वर्गमूळ दोनदा काढा आणि येईल त्याला ७० नं गुणा. हा झाला निवांत पडून राहिलेल्या कुत्र्याचा रोजचा खर्च, कॅलरीत. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ह्याच्या तिप्पट लागतं, पुढं साधारण दुप्पट. दीड किलोला बघा: १.५ गुणिले १.५ गुणिले १.५ म्हणजे ३.३७५. एकदा वर्गमूळ १.८४, परत एकदा १.३६. गुणिले ७० म्हणजे ९५, त्याच्या तिप्पट २८५.

२८५ कॅलरी म्हणजे किती? एका उकडलेल्या अंड्यात सत्तरच्या आसपास. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. पिल्लांच्या कोरड्या खाद्यात शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे ते चारशे, पुडक्यावर छापलेलं असतं. म्हणजे गड्ड्याला दिवसाला जेमतेम ७५-८० ग्रॅम कोरडं खाद्य पुरत होतं, चार वेळांत वाटून. एका वेळेला वीसेक ग्रॅम, वाटीच्या तळाशी दिसेल न दिसेल एवढं. एवढ्यावर कसं भागतं, म्हणून सगळ्यांना शंका. पण तेवढाच जोर भातातून द्यायचा तर पाव किलोच्या जवळ भात लागेल, आणि तो दीड किलोच्या जिवाच्या पोटात मावणार कसा? पातळ दूध-भाकरीनं तर पोट पाण्यानंच भरतं. "खातंय पण अंगाला लागंना" ह्याचा अर्धा उलगडा इथंच आहे. जंत हा दुसरा अर्धा.

हिशोब कळला म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण माप मात्र घालायचं नाही. बरेच दिवस अर्धपोटी राहिलेल्या जिवाला एकदम भरपूर दिलं की शरीरातल्या क्षारांचा तोल जातो, आणि फार उपाशी राहिलेलं असेल तर जिवावरही बेततं. जुलाब तर ठरलेले. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या दिवशी निम्मं, मग रोज थोडं वाढवत चार-पाच दिवसांत पूर्ण मापावर या. आणि दिवसाच्या चार वेळा पाळा. फार लहान, अशक्त पिल्लू बराच वेळ उपाशी राहिलं की रक्तातली साखर उतरते. डगमगतं, थरथरतं, निपचित पडतं. तेव्हा हिरडीला मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. गुंगीत असताना तोंडात दूध ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

आमच्या घरात अंडं चालत नाही. सिद्धरामेश्वराचं घराणं, सासूबाईंचा शब्द अखेरचा. पिल्लाचं खाद्य पुडक्यात बंद असतं, गॅलरीत असतं, त्यात काय आहे हे त्या विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. अंड्याचा प्रश्न शेजारच्या अक्कांनी सोडवला. अक्का पद्मशाली, त्यांच्याकडं अंडी उकडतातच. रोज सकाळी अर्धं उकडलेलं अंडं, पिवळ्यासकट, कुस्करून, त्या स्वतः कंपाउंडच्या भिंतीवरून देतात. कच्चं द्यायचं नाही एवढंच मी सांगितलं. घरातली भर म्हणजे चमचाभर ताजं दही. दूध बंद. आईचं दूध सुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही. वरून दूध पाजायचं आणि खालून वजन वाहून जाऊ द्यायचं, ह्यात काय अर्थ? दह्यात ती साखर थोडी कमी असते, चमचाभर सोसतं.

तरी ताटातला मुख्य भाग पिल्लांच्या तयार खाद्याचा, घरचं फक्त चवीपुरतं, दहाव्या हिश्श्याच्या आसपास, हे पथ्य मी पाळलं. कारण कॅल्शियम. नुसतं चिकन-भात दिला तर पिल्लू चवीनं खातं, वजनही वाढतं, पण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम ओढतं, पाय वाकतात, साध्या उडीनं हाड मोडतं. उलट तयार खाद्यावर वरून कॅल्शियमचं सिरप ओतणंही वाईट, लहान पिल्लाचं आतडं नको असलेलं कॅल्शियम अडवू शकत नाही. मेडिकलवाला बाटली पुढं सरकवतो, घेऊ नका. ज्यांना तयार खाद्य परवडत नाही त्यांनी घरचंच घालावं, जरूर घालावं, पण अंडं-चिकन-भातात कॅल्शियम कशातून आणि किती द्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. आणि सुटं खाद्य घेताना वास बघा. खवट तेलाचा वास आला तर पिल्लू बरोबरच असतं, ते खात नाही.

खाऊ घालणं हे पहिले काही दिवस बघण्यासारखं होतं. कोमट पाण्यात खाद्य दहा-पंधरा मिनिटं भिजवायचं, बोटानं मोडेल एवढं मऊ. कोमट असलं की वास सुटतो आणि नाक चोंदलेलं पिल्लूसुद्धा तोंड घालतं. गड्ड्याला वाटी दिली की पुढचे दोन्ही पाय आत. भावंडांच्या रेट्यात वाढलेला, त्यामुळं मान वर न करता, श्वास न घेता गिळायचा, आणि पाचव्या मिनिटाला सगळं बाहेर. ते परत खायला धावायचा, तो भाग वेगळा. मग वाटी काढून टाकली. स्टीलची पसरट ताटली घेतली, मधोमध चहाच्या बशीएवढी जड वाटी पालथी घातली आणि खाद्य कडेनं गोल पसरलं. त्याला ताटलीभोवती फिरत खावं लागलं, वेग आपोआप निम्मा. मुंग्यांसाठी ताटली पाणी घातलेल्या परातीत ठेवायची. पंधरा-वीस मिनिटांत उरलं तर उचलून टाकायचं. दिवसभर भरलेली ताटली समोर असली की कधी भूक मेली ते कळतच नाही.

ऊब हा भाग लोक विसरतात. जानेवारीत आपल्याकडं पहाटे चांगलीच थंडी असते, आणि अंगावर चरबी नसलेलं पिल्लू खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यात जाळतं. पोतं, त्यावर विरलेली सोलापुरी चादर, आणि खोका भिंतीकडं तोंड करून. आंघोळ घातली नाही. पिसवा बारीक फणीनं काढल्या, साबणाच्या पाण्यात बुडवल्या. अंग पुसायला आमच्याकडं सेकंडचे टॉवेल कमी नाहीत. पिसवांचं मोठ्या कुत्र्यांचं औषध एवढ्या लहान पिल्लाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

खरी लढाई गल्लीशी होती. गड्ड्या दिसला की जो तो काहीतरी टाकणार. रिक्षा स्टॉपवरची पोरं ग्लुकोजची बिस्किटं, समोरच्या आजी खारी. आप्पा शेंगाचटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा, "दाताला बरं असतंय." शेंगाचटणीत लसूण असतो. लसूण आणि कांदा, दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, आणि आमच्याकडं आधीच रक्त कमी. मनुका, बेदाणे, चॉकलेट तर सक्त बंद, शिजवलेली हाडंही. मी जिन्याला पाटी लावली, "गड्ड्या जेवला आहे." पोरांनी खाली खडूनं लिहिलं, "काय बी खोटं, बघ की कसा बघूलालाय." बघायचाच तो. सगळी पिल्लं तसंच बघतात.

शेवटी आप्पांनाच वहीचं खातं दिलं. मिलमध्ये पाळीचा हिशोब ठेवायचे, वही म्हटल्यावर माणूस ताठ झाला. रोज सकाळी खाण्याआधी, त्याच खोक्यात वजन. आम्ही भाजीवाल्याच्या जातीचा एक छोटा काटा घरीही आणला. शेजारच्या रकान्यात शी: घट्ट, मऊ की पातळ. हा रकाना वजनाइतकाच महत्त्वाचा. शी उचलता येण्याइतकी घट्ट असेल तर माप बरोबर. मऊ झाली तर बहुधा जास्त होतंय, माप थोडं कमी करून बघा. शेंबडासारखी, चिकट किंवा फार दुर्गंधीची असेल तर डबीत घालून दवाखान्यात न्या. कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म जीव नेहमीच्या जंताच्या औषधाला दाद देत नाहीत, ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात आणि त्यांचं औषध वेगळं. आमचा मधे एकदा रकाना बिघडला तो ह्याच कारणानं, औषधानं आटोक्यात आला.

वाढ किती व्हावी? मोठेपणी जेवढं वजन अपेक्षित असेल त्यातल्या दर किलोमागं रोज दोन ते चार ग्रॅम. आपलं गावठी कुत्रं पंधरा किलोच्या आसपास भरतं असं धरलं तर रोज तीस ते साठ ग्रॅम, आठवड्याला दोनशे ते चारशे. एखादा दिवस आकडा हलला नाही तर घाबरायचं नाही, आठवड्याची बेरीज बघायची. आठवडाभर हलला नाही तर मात्र दवाखाना. आणि दिवसभर तोंडच लावलं नाही, उलट्या, रक्ताचे जुलाब, असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पार्व्हो हा विषाणूचा आजार असेल तर तासातासाला पिल्लू ढासळतं. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. लसी पुऱ्या होईपर्यंत गड्ड्या रस्त्यावर उतरलाच नाही, कारण तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो.

मार्चअखेर ऊन चाळिशीकडं सरकलं तशी त्याची दुपारची भूक गेली. ओढून-ताणून खायला घातलं नाही. पहाटे नळाला पाणी यायच्या वेळेला एक जेवण, रात्री उशिरा एक मोठं, मधलं एक हलकं. तोवर तो चार महिन्यांचा, पाच किलोचा झाला होता. पाच किलोला तिपटीनं ७०० कॅलरी येतात, दुपटीनं ४७०. एकदम कापलं नाही, बरगड्यांना हात लावत हळूहळू उतरवलं. सूत्र सुरुवातीला धरायचं, नंतर हात आणि काटा सांगतील तसं.

हाताला काय लागायला हवं? बरगड्या लागायला हव्यात, पण पातळ थराखालून, टोचायला नकोत. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली, कडेनं बघितलं तर पोट मागं वर चढलेलं. डॉक्टर एक ते नऊ अशी पट्टी वापरतात, चार-पाच म्हणजे उत्तम. गड्ड्याला दोन मिळाला होता, आता पाच आहे. आणि आता येणारा-जाणारा म्हणतो, "कंबर बघा की, खायला घालत नाही काय ओ ह्याला?" गल्लीत गोल पिल्लाला मान आहे. दोन घरं सोडून एक लॅब्रॉडॉर आहे, आठ महिन्यांचा, जिना चढताना मधे बसतो. त्याचं कौतुक होतं.

पुढच्या महिन्यात नसबंदी आहे. त्यानंतर भूक वाढते आणि अंगाचा खर्च कमी होतो, म्हणजे माप पुन्हा खाली आणावं लागेल. आप्पांना हे अजून सांगितलेलं नाही. वही त्यांच्या ताब्यात आहे, आणि हल्ली त्यात "भाकरी, अर्धी, चटणी नाही" असा एक रकाना वाढलाय, तो मी आखून दिलेला नाही.